मुलांना ख्रिस्तसभेचा इतिहास किती खरा सांगावा?



आपल्या कॅटेकिझमच्या वर्गातील मुलांना विचारून पाहा, "प्रभू येशू स्वर्गात गेल्यानंतर काय झाले?" उत्तर लगेच येते. दहा दिवसांनी पवित्र आत्मा उतरला, संत पेत्र निर्भयपणे बोलला, एका दिवसात तीन हजार लोकांनी बाप्तिस्मा घेतला. छान. आता पुढचा प्रश्न विचारा, "आणि त्यानंतर?" वर्ग गप्प होतो. मग मागच्या बाकावरून कोणीतरी सांगते, "त्यानंतर आमच्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला."

हसू येण्यासारखे उत्तर आहे, पण चूक त्या मुलाची नाही. त्याच्या कानावर दोनच गोष्टी पडल्या आहेत. एक बायबलमधली आणि दुसरी आजीने सांगितलेली. पेन्टेकॉस्ट आणि पणजोबा यांच्या मधली अठराशे-एकोणीसशे वर्षे त्याला कोणी सांगितलीच नाहीत.

जरा शेजारी पाहा. आपल्या वऱ्हाडात शेगावच्या श्री गजानन महाराजांच्या पोथीचे पारायण घरोघर होते. मुले ऐकता ऐकता ती कथा शिकतात. बौद्ध शेजाऱ्यांच्या घरातील सातवीतली मुलगी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला काय घडले ते न अडखळता सांगते. हे ती शाळेत थोडे आणि घरात फार शिकलेली असते. मग आपल्या मुलांना आपला इतिहास का येऊ नये?

ही गरज आजची नाही. चारशे वर्षांपूर्वी गोव्यातील सासष्टीत फादर थॉमस स्टीफन्स यांच्यासमोर ती उभी राहिली होती. चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण चालू असताना एका नवख्रिस्ती ब्राह्मणाने उठून सांगितले की तुम्ही शिकवता ते चांगले, पण आमच्या जुन्या पुराणांच्या जागी वाचायला-ऐकायला काही तरी असावे. त्या मागणीतून 'ख्रिस्तपुराण' तयार झाले व १६१६ साली छापले गेले. प्रश्नोत्तरे पाठ करून माणसाचे समाधान होत नाही, त्याला आपली म्हणून एक कथा लागते, हे त्या इंग्रज जेज्वीट फादरांनी ओळखले आणि ती कथा मराठी ओवीत सांगितली. पण तो ग्रंथ मुख्यतः उत्पत्तीपासून प्रभूच्या जीवनापर्यंतचा आहे. पुढची, म्हणजे ख्रिस्तसभेची कथा घरात सांगायची राहून गेली ती राहूनच गेली.

आणि ती रविवारच्या कॅटेकिझमवर सोडून भागणार नाही. आठवड्याला एक तास मिळतो. नववीनंतर तोही मिळत नाही, कारण अकोल्यातील क्लासेस रविवारीही चालू असतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली कुटुंबाला 'घरातील ख्रिस्तसभा' म्हटले आणि आईवडील हे मुलांचे पहिले श्रद्धाशिक्षक आहेत असे सांगितले. म्हणजे हे काम पहिल्यांदा तुमचे आहे, नंतर सिस्टरांचे आणि माझे.

खरी अडचण कोणती?

पालकांना विचारले तर ते म्हणतात, "फादर, वेळ नाही, पुस्तके नाहीत, आम्हालाच येत नाही." या अडचणी खऱ्या आहेत, पण त्या सुटू शकतात. न सुटणारी अडचण वेगळी आहे व ती कोणी मोठ्याने बोलत नाही. ख्रिस्तसभेचा इतिहास सगळा स्वच्छ नाही. त्यात रक्तसाक्षी आहेत तसे माघार घेणारेही आहेत. प्रेषितांची भांडणे आहेत. पुरावा नसलेल्या कथा आहेत. हे सगळे सांगितले तर मुलाची श्रद्धा डळमळेल, अशी धास्ती वाटते. म्हणून आपण चमत्कार तेवढे सांगतो, बाकीचे गाळतो आणि कोणी विचारलेच तर थोडे सजवून सांगतो. हेतू चांगला असतो.

येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो. श्रद्धेच्या भल्यासाठी थोडे खोटे सांगितले तर चालेल काय?

या प्रश्नावर ख्रिस्तसभेच्या दोन महान पंडितांचा वाद झाला होता, आणि वादाचा विषयही आरंभीच्या ख्रिस्तसभेचा इतिहासच होता. संत पौल गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सांगतो की अंत्युखियात त्याने पेत्राला तोंडावर विरोध केला. पेत्र आधी परराष्ट्रीय ख्रिस्ती लोकांच्या पंगतीला बसत होता. यरुशलेमेहून काही मंडळी आली तेव्हा त्यांच्या भीतीने तो पंगतीतून बाजूला झाला. पौलाला हे ढोंग वाटले आणि त्याने सर्वांदेखत ते बोलून दाखवले.

पहिल्या पोपमहोदयांना असे भरसभेत बोल लागावेत, हे अनेकांना सोसत नव्हते. बायबलचा लॅटिन अनुवाद करणाऱ्या संत जेरोमने यावर तोड काढली. पेत्र व पौल यांनी लोकांना धडा मिळावा म्हणून ठरवून हे भांडण वठवले, असे त्याने आपल्या भाष्यात लिहिले. इ. स. ३९५ च्या सुमारास आफ्रिकेतून संत ऑगस्टीनने त्याला पत्र पाठवले. तो वयाने लहान होता, पण स्पष्ट बोलला. त्याचे म्हणणे असे की पवित्र शास्त्रात एक जरी 'उपयोगी खोटे' आहे असे मानले, तर उरलेल्या शास्त्रावर कोणी विश्वास का ठेवावा? ज्याला जे वचन जड जाईल, ते त्याच्यापुरते खोटे ठरेल. ऑगस्टीनचे एक पत्र जेरोमला मिळण्याआधी रोममध्ये इतरांच्याच हाती पडले, जेरोम रागावला, अनेक वर्षे पत्रांची ये-जा चालली. दोघेही आज संत आहेत. म्हणजे संतसुद्धा भांडतात, हाही इतिहासाचाच एक धडा.

ऑगस्टीनचा तर्क आपल्या घराला लावून पाहा. तुमच्या मुलाला तुम्ही येशूचे पुनरुत्थान सांगता, आणि त्याच आवाजात एखादी बनवलेली कथाही खरी म्हणून सांगता. मुलगा बारावीत जातो, मोबाईलवर दोन मिनिटांत पाहतो की ती कथा खरी नव्हती. त्याला शंका फक्त त्या कथेची येणार नाही. ज्या तोंडाने ती सांगितली त्या तोंडावरचा विश्वास उडेल, आणि त्याच तोंडाने पुनरुत्थान सांगितलेले असते. श्रद्धा वाचवायला वापरलेले खोटे श्रद्धेलाच पोखरते.

मग काय पाच वर्षांच्या पोराला सगळे सांगून टाकायचे? नाही. ऑगस्टीनने दुसरीही एक गोष्ट सांगून ठेवली आहे. सत्य न बोलणे आणि खोटे बोलणे या एक नव्हेत. गप्प राहणे कधी शहाणपणाचे असते, पण खोटे बोलणे कधीच योग्य नसते. घरासाठी हाच नियम पुरेसा आहे. वयाप्रमाणे कमी सांगा, पण जे सांगाल ते असे सांगा की मूल मोठे झाल्यावर त्यात भर घालावी लागेल, खोडावे लागणार नाही.

एक उदाहरण देतो. इ. स. २०३ मध्ये, ७ मार्च रोजी कार्थेज शहरात पर्पेतुआ व फेलिसिटी यांनी रक्तसाक्ष दिली. पर्पेतुआ सुमारे बावीस वर्षांची, चांगल्या घरातली, अंगावर पिणाऱ्या बाळाची आई. फेलिसिटी दासी, तुरुंगातच बाळंत झालेली. रिंगणातील जनावरे आणि तलवार लहान मुलांना सांगण्याची गरज नाही. त्यांना एवढे सांगा की फेलिसिटी पडली तेव्हा पर्पेतुआने हात देऊन तिला उठवले, आणि दोघी एकमेकींच्या शेजारी उभ्या राहिल्या. मालकिणीच्या जातकुळीची बाई दासीला हात देते, हे आपल्या समाजात लहान मुलालाही समजते. आठवी-नववीच्या मुलीला पुढचे सांगा. पर्पेतुआने तुरुंगात स्वतः लिहून ठेवले, तिचा म्हातारा बाप पाया पडून 'माझ्या पांढऱ्या केसांची दया कर' म्हणून विनवत होता, तिला त्याचे फार दुःख झाले तरी ती बधली नाही. मुलगी विचारेल, "मग आईबाबांचे ऐकायचे नाही का?" त्या प्रश्नाला घाबरू नका. ज्या घरात असा प्रश्न विचारता येतो, तेथे इतिहास नीट शिकवला गेला असे समजा.

पुरावा, परंपरा आणि कथा

संत थॉमसची गोष्ट आपल्या मुलांना फार आवडते. राजा गोंडोफर त्याला महाल बांधायला पैसे देतो, थॉमस ते गरिबांना वाटून टाकतो आणि म्हणतो, तुझा महाल स्वर्गात बांधला आहे. ही गोष्ट तिसऱ्या शतकातील 'थॉमसची कृत्ये' या सुरियानी ग्रंथात येते. बरेच दिवस पंडितांना वाटत होते की असा कोणी राजाच नव्हता. एकोणिसाव्या शतकात अफगाणिस्तान व पंजाब भागात त्याची नाणी सापडली. राजा खरा निघाला. पण राजा खरा म्हणून महालाची गोष्ट खरी ठरत नाही. केरळातील ख्रिस्ती लोक संत थॉमस इ. स. ५२ मध्ये तेथे आला असे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. ती मोठी व जुनी परंपरा आहे.

मुलांना असे तीन कप्पे करून द्या. नाणी हा पुरावा. केरळची आठवण ही परंपरा. स्वर्गातला महाल ही शिकवण देणारी कथा. तिन्हींना मान द्या, पण एकाचा मान दुसऱ्याला देऊ नका. इतका विवेक सहावीतल्या मुलालाही जमतो. आपल्याला वाटते त्यापेक्षा मुले हुशार असतात.

आपल्या महाराष्ट्राचेही सांगा. मुंबईला जाताना गाडी कल्याणला थांबते, तेव्हा मुलांना सांगायला काही तरी हवे. सहाव्या शतकात कॉस्मास नावाच्या अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्याने लिहिले आहे की 'कल्लियाना' येथे ख्रिस्ती लोक आहेत व त्यांचा बिशप इराणातून नेमला जातो. बहुतेक अभ्यासक ते कल्याणच मानतात. पुढे १३२१ साली ठाण्यात टोलेंटिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा देमेत्रियस या चार फ्रान्सिस्कनांनी रक्तसाक्ष दिली. त्यांचा सोबती डॉमिनिकन ब्रदर जॉर्डन याने त्यांना सोपाऱ्यात पुरले. तेव्हा ठाण्यात ख्रिस्ती कुटुंबे आधीपासून राहत होती. पोर्तुगीज यायला अजून पावणेदोनशे वर्षे होती! "तुमचा धर्म इंग्रजांनी आणला" असे वर्गात कोणी म्हटले, तर मुलाला रागावण्याची गरज नाही. त्याला फक्त माहिती हवी. आणि त्याच खरेपणाने हेही सांगावे की कल्याणची ती ख्रिस्तसभा आपल्यापर्यंत सलग चालत आलेली नाही. आपल्या वऱ्हाडातील बहुतेक कुटुंबांची श्रद्धा एकोणिसाव्या-विसाव्या शतकातील मिशनरी व गावोगाव फिरणाऱ्या मास्तरांच्या श्रमातून आली, आणि आपला अमरावती धर्मप्रांत १९५५ सालचा आहे. उसनी प्राचीनता अंगावर घालून मिरवण्याची गरज नाही. पणजोबांचा बाप्तिस्माही तितकाच मोलाचा आहे.

दाखल्याची गोष्ट

आता सर्वांत अवघड भागाकडे येतो. सम्राट डेशियसने इ. स. २४९ च्या अखेरीस हुकूम काढला की साम्राज्यातील प्रत्येकाने देवतांना बळी अर्पण करावा आणि अधिकाऱ्यांसमोर तसे केल्याचा दाखला घ्यावा. असे चाळीसहून अधिक दाखले इजिप्तच्या वाळूत सापडले आहेत. एका दाखल्यावर बहात्तर वर्षांच्या डायोजेनिस नावाच्या माणसाचे नाव, गाव आणि ओळखखूण आहे: उजव्या भुवईवर व्रण. 'मी नेहमीच देवतांना अर्पण करीत आलो आहे, आताही तुमच्यासमोर केले, दाखला मिळावा' अशा अर्थाचा मजकूर आहे. तो ख्रिस्ती होता की नव्हता, हे दाखल्यावरून कळत नाही. दाखला सर्वांनाच घ्यावा लागत होता.

ख्रिस्ती लोकांनी काय केले? काहींनी नकार दिला व ते मेले. पोप फेबियन जानेवारी २५० मध्ये रक्तसाक्षी झाले. पुष्कळांनी बळी अर्पण केला. आणि काहींनी मधली वाट काढली. बळी दिला नाही, पण अधिकाऱ्याला पैसे चारून दाखला विकत घेतला. कार्थेजचा बिशप संत सिप्रियन स्वतः शहराबाहेर लपून राहिला आणि तेथून पत्रे लिहून आपला कळप सांभाळत होता. त्याबद्दल त्याच्यावर टीकाही झाली.

छळ थांबल्यावर प्रश्न आला: या सर्वांना परत घ्यायचे काय? रोममध्ये नोव्हेशियन म्हणाला, कधीच नाही. उलट काही जण म्हणत, झाले गेले विसरा, उद्यापासून ख्रिस्तप्रसादाला या. सिप्रियनने दोन्ही वाटा नाकारल्या. इ. स. २५१ मध्ये कार्थेजला बिशपांची सभा भरली. ज्यांनी नुसता दाखला घेतला त्यांचे प्रकरण एकेक करून पाहावे व त्यांना परत घ्यावे, ज्यांनी बळी दिला त्यांनी दीर्घ प्रायश्चित्त करावे, असे ठरले. पुढे नव्या छळाची चिन्हे दिसताच प्रायश्चित्त करणाऱ्यांनाही पुन्हा जवळ घेण्यात आले. दार बंद केले नाही, आणि काही घडलेच नाही असेही म्हटले नाही. पुढे १४ सप्टेंबर २५८ रोजी सिप्रियनने स्वतः तलवारीखाली मान दिली. एके काळी लपलेला माणूस शेवटी रक्तसाक्षी झाला.

ही गोष्ट आपण घरी का सांगत नाही? मला वाटते, कारण ती ऐकून मुलगा कपाटातल्या आपल्याच दाखल्याविषयी विचारील.

आपल्यापैकी काही घरांत मुलाचे चर्चमधले नाव एक आणि शाळेच्या दाखल्यावरचे दुसरे आहे. धर्माच्या रकान्यात वेगळेच लिहिले आहे. त्यामागचे कारण आपण सर्व जाणतो. १९५० सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली त्यात शीख आले, १९९० साली बौद्ध आले, ख्रिस्ती आले नाहीत. बाप्तिस्मा घेतला म्हणून गावाने आपल्या पूर्वजांना विहिरीवर जवळ घेतले नाही. जात चिकटून राहिली, सवलत मात्र गेली. ख्रिस्तसभेने हा अन्याय अन्याय म्हणूनच मांडला आहे. म्हणून डेशियसचा दाखला आणि आपला दाखला एकच आहेत असे मी म्हणणार नाही. तेथे देवाला नाकारण्याची सक्ती होती. येथे कोणी बळी मागत नाही. येथे फी, प्रवेश आणि नोकरी यांचा प्रश्न आहे आणि त्यामागे पिढ्यांचे दारिद्र्य आहे.

पण फरक आहे म्हणून प्रश्नच नाही, असेही नाही. लिहिलेले खरे नाही, हे मुलाला कळते. त्याच्या कायद्याच्या बाजूविषयी जाणकार वकिलाला विचारावे. नैतिक बाजू मात्र घरात बोलावी लागेल. मी व्यासपीठावरून कोणाचाही दाखला तपासणार नाही. माझे सांगणे एवढेच की मुलाने विचारले तर दुसरे खोटे बोलू नका. "तसे काही नसते, तू अभ्यास कर" असे म्हणून त्याला उडवून लावू नका. त्याला सांगा, आमच्यावर ही वेळ आली, आम्हाला ही भीती होती, आम्ही हे केले, आमच्या मनाला ते टोचते. तू मोठा झाल्यावर यावर विचार कर. असे बोलणाऱ्या बापाचा मान मुलाच्या मनात कमी होत नाही. सिप्रियनच्या काळातही दाखला घेतलेल्यांना ख्रिस्तसभेने एवढेच प्रथम मागितले होते: खरे बोला. प्रायश्चित्त संस्काराचे दार आजही उघडे आहे. आणि त्यासाठी नोव्हेशियनसारखा कठोर धर्मगुरू तुम्हाला येथे भेटणार नाही, याची खात्री बाळगा.

माझ्या मते इतिहास घरात शिकवण्याचे खरे मोल येथे आहे. शाळेतला इतिहास मुलाला प्रश्न विचारतो. घरातला इतिहास आईवडिलांनाही विचारतो. ज्या पालकाला तो प्रश्न ऐकायची तयारी आहे, त्याच्याकडे पुस्तके कमी असली तरी चालते.

श्रद्धा मोडणार नाही काय?

काही जण म्हणतील, "फादर, हे सगळे ऐकून मुलगा चर्चच सोडेल." मी म्हणतो, प्रेषितांची कृत्ये उघडून पाहा. पाचव्या अध्यायात हनन्या व सप्पीरा जमिनीच्या पैशांत लबाडी करतात. सहाव्यात विधवांच्या वाटपावरून कुरकुर होते. पंधराव्यात पौल व बर्णबा यांची सोबती नेण्यावरून एवढी जुंपते की दोघे वेगळ्या वाटांनी जातात. संत लूकने हे झाकले नाही, आणि ख्रिस्तसभेने ते पुस्तक पवित्र म्हणून जपले. पोप लिओ तेरावे यांनी व्हॅटिकनचे दप्तर अभ्यासकांना खुले केले व १८८३ साली लिहिले की इतिहासाचा पहिला नियम खोटे बोलण्याचे धाडस न करणे आणि दुसरा खरे बोलायला न भिणे हा आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १२ मार्च २००० रोजी ख्रिस्तसभेच्या लेकरांच्या पापांबद्दल जाहीरपणे क्षमा मागितली. पोपमहोदय जगापुढे खरे बोलू शकतात, तर आपण आपल्या जेवणाच्या ताटावर का बोलू नये?

दुबळ्या माणसांची ख्रिस्तसभा दोन हजार वर्षे टिकली, हीच पवित्र आत्म्याच्या कार्याची साक्ष आहे. सर्व जण वीरच होते असे सांगितले, तर ती साक्ष आपण पुसून टाकतो. आणि मुलाला वाटते, मी तर असा वीर नाही, मग माझी येथे जागा नाही. पेत्र घाबरला होता, सिप्रियन लपला होता, हे कळलेल्या मुलाला स्वतःची भीती घेऊन चर्चमध्ये येता येते.

काय करता येईल?

रोज करण्याची गरज नाही. रविवारी संध्याकाळी कुटुंबप्रार्थनेनंतर वीस मिनिटे काढा. प्रेषितांच्या कृत्यांचे अठ्ठावीस अध्याय आहेत. आठवड्याला एक घेतला तर सात महिन्यांच्या आत पूर्ण होतात. वाचायचे काम मुलांना द्या. आजी-आजोबांनाही बसवा, कारण पणजोबांचा बाप्तिस्मा कोणत्या साली, कोणत्या गावी झाला ते त्यांनाच ठाऊक असते. ते वहीत लिहून ठेवा. तोही ख्रिस्तसभेचाच इतिहास आहे.

नंतर संतांच्या सणांचा आधार घ्या. ७ मार्चला पर्पेतुआ व फेलिसिटी, ३ जुलैला संत थॉमस, १६ सप्टेंबरला सिप्रियन. मिस्सामध्ये पहिली ख्रिस्तयागप्रार्थना म्हटली जाते तेव्हा सिप्रियन, पर्पेतुआ, फेलिसिटी ही नावे येतात. मुलांना ती कान देऊन ऐकायला सांगा. मोठ्या मुलांबरोबर विश्वासांगीकार घ्या. त्यातील 'पित्याशी एकतत्त्व' या शब्दांसाठी इ. स. ३२५ मध्ये नायसिया येथे बिशपांनी केवढा वाद घातला होता! त्या परिषदेला २०२५ साली १७०० वर्षे झाली आणि पोप लिओ चौदावे तेथे, म्हणजे तुर्कस्तानातील इझनिक गावी, प्रार्थनेला गेले होते. आपण जे शब्द घाईघाईने म्हणतो, त्यांच्यासाठी लोकांनी हद्दपारी सोसली आहे.

मूल असे काही विचारील की उत्तर येणार नाही. तेव्हा "मला माहीत नाही, आपण शोधू" म्हणा. तो प्रश्न चिठ्ठीवर लिहून मिस्सानंतर माझ्याकडे आणा.

शेवटी ऑगस्टीनचीच एक गोष्ट. कार्थेजच्या देवोग्रासियास नावाच्या उपधर्मगुरूने त्याला विचारले होते की नव्या माणसांना श्रद्धा शिकवताना मला माझेच बोलणे कंटाळवाणे वाटते, काय करू? इ. स. ४०० च्या सुमारास ऑगस्टीनने उत्तरादाखल एक छोटे पुस्तकच लिहिले. त्याने सांगितले की कथा जगाच्या उत्पत्तीपासून सुरू करून आजच्या ख्रिस्तसभेपर्यंत आणावी, मध्येच थांबू नये. आणि मुख्य म्हणजे आनंदाने सांगावी, कारण सांगणाऱ्याचा आनंद ऐकणाऱ्याला लागतो.

येत्या रविवारी पहिला अध्याय वाचायला घ्या. वर्षअखेरीस मी वर्गात पुन्हा तोच प्रश्न विचारणार आहे: "आणि त्यानंतर?"

प्रभू तुमच्या घरांना आशीर्वाद देवो.

ख्रिस्तामध्ये तुमचा,
धर्मगुरू